सबसिडी नसलेल्या सोलरवर आम्हाला काय मिळालं

साताऱ्याच्या एमआयडीसीत आमचं छोटं मशिन शॉप आहे. व्हीएमसी (संगणकावर चालणारं धातू कापायचं मशिन), टर्निंगची मशिनं, एक कॉम्प्रेसर आणि गाड्यांच्या सुट्या भागांचं जॉबवर्क. माझा चुलतभाऊ, म्हणजे दादा, आणि मी, अशी भागीदारी फर्म. 2025 मध्ये आम्ही शेडवर 30 किलोवॉटचं सोलर बसवलं. तेव्हापासून शेजारच्या गाळ्यांतले लोक चहाला थांबले की पहिला प्रश्न हाच विचारतात, ‘सबसिडी किती मिळाली?’

सबसिडी शून्य. जाहिरातीत दिसणारे 78,000 रुपये ‘पीएम सूर्य घर’ योजनेतले आहेत आणि ती योजना घरांसाठी आहे. 3 किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या घरगुती सोलरला मिळणारी ती कमाल रक्कम. कारखाना, दुकान, हॉटेल यांना त्यातलं काही मिळत नाही. जिल्हा उद्योग केंद्रातही विचारून आलो. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम नव्याने उद्योग सुरू करणाऱ्यांसाठी आहे, आमच्यासारख्या चालू युनिटसाठी नाही. तेवढ्यावर दादा म्हणाला, ‘मग राहू दे. त्या पैशात एक जुनं मशिन घेऊ.’

विषय तिथेच संपला असता, पण आमच्या सीए मॅडमनी तो संपू दिला नाही. त्या म्हणाल्या, ‘सरकार तुम्हाला चेक देणार नाही, पण कर सोडतंय. तो घ्यायचा की नाही ते तुम्ही ठरवा.’

हा प्रकार सातारकरांना खरं तर जुना आहे. पाटण तालुक्यात वांकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, त्यामागे वाऱ्याइतकाच आयकराचा हात होता. त्या काळी अशा यंत्रांवर पहिल्याच वर्षी 100 टक्के घसारा, म्हणजे यंत्राच्या झिजेपोटी नफ्यातून वजा करायची रक्कम, धरता यायचा. पुढे तो 80 टक्क्यांवर आला आणि एप्रिल 2017 पासून 40 टक्के. कमी झाला असला तरी साध्या मशिनरीला 15 टक्केच मिळतो, हे लक्षात घेतलं की 40 चं वजन कळतं. त्याशिवाय उत्पादन करणाऱ्या युनिटला नव्या यंत्रसामग्रीवर पहिल्या वर्षी 20 टक्के जादा घसारा मिळतो. भागीदारी फर्म असल्यामुळे तो आम्हाला लागू झाला. एकट्या मालकाचा धंदा असेल आणि त्याने आयकराची नवी पद्धत घेतली असेल, तर ही 20 टक्क्यांची सवलत मिळत नाही, 40 टक्के मात्र मिळतात. हे आधी विचारून घ्यावं.

आमचं गणित असं होतं. जीएसटी सोडून खर्च साधारण 15 लाख. त्याचे 60 टक्के म्हणजे 9 लाख पहिल्याच वर्षी नफ्यातून वजा. फर्मचा कर उपकरासह 31.2 टक्के, म्हणजे जवळपास 2 लाख 80 हजारांचा कर त्या वर्षी वाचणार. अर्थात नफा असेल तरच. ज्या युनिटचा ताळेबंद तोट्यात आहे त्याला पहिल्या वर्षी या सवलतीचा उपयोग नाही, हे सोलर विकणारे सांगत नाहीत. तसंच कोणी ‘एक रुपया न घालता सोलर, फक्त युनिटचे पैसे द्या’ म्हणत आलं, तर पॅनेलची मालकी त्यांची राहते आणि घसाराही तेच घेतात. वाईट सौदा असतोच असं नाही, पण काय सोडतोय ते माहीत असावं.

कोटेशनं मागवली तेव्हा एकाने पूर्ण भारतीय बनावटीचे, सेलसुद्धा इथलेच असलेले डीसीआर पॅनेल लावून आकडा बराच फुगवला होता. ती अट सबसिडीच्या योजनेची आहे. आम्हाला सबसिडीच नव्हती, तेव्हा केंद्राच्या मंजूर यादीतले साधे पॅनेल चालणार होते. ते सांगितल्यावर आकडा खाली आला.

किती किलोवॉट लावायचे यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. महावितरणने जोडणीला मंजूर केलेल्या भारापेक्षा जास्त लावता येत नाही, ही वरची मर्यादा झाली. पण त्याच्या आतही हाव करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणाऱ्या नेट मीटरवर जास्तीचे युनिट पुढच्या बिलात वळते होतात, मात्र 31 मार्चला उरलेल्या युनिटांचा हिशोब कमी दराने होतो. शिवाय आमच्यासारख्या जोडणीला वेळेनुसार दर आहे. नव्या दरपत्रकात सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेतली वीज स्वस्त आणि संध्याकाळची महाग. दुपारी वाचलेला युनिट दुपारच्याच दराने वाचतो. आमची मोठी शिफ्ट दिवसाची आहे म्हणून जमलं. रात्रपाळीवर चालणाऱ्या युनिटने हा हिशोब दोनदा मांडावा. आणि बिलातला डिमांड चार्ज, म्हणजे युनिटांवर नाही तर मागणीच्या भारावर लागणारा आकार, सोलरने कमी होत नाही.

कर्ज राष्ट्रीयीकृत बँकेकडून घेतलं. लघुउद्योग म्हणून उद्यम नोंदणी होती आणि सीजीटीएमएसई या लघुउद्योगांच्या कर्जाला हमी देणाऱ्या सरकारी योजनेची हमी मिळाली, त्यामुळे घर तारण ठेवावं लागलं नाही. तो भाग सरळ गेला.

खरी ओढाताण सप्टेंबरात झाली. मॅडमनी सुरुवातीलाच बजावलं होतं की यंत्र त्या आर्थिक वर्षात 180 दिवस वापरात हवं. एक दिवस जरी कमी पडला तरी पहिल्या वर्षी निम्माच घसारा. 31 मार्चपासून उलटं मोजलं की तारीख येते 3 ऑक्टोबर. त्या दिवसापर्यंत सोलर नुसतं पत्र्यावर असून भागत नाही, चालू झालेलं हवं. आमचा महावितरणकडचा अर्ज मंजूर झाला होता, स्ट्रक्चर उभं राहत होतं, आणि 3 सप्टेंबरला जीएसटी परिषदेने जाहीर केलं की 22 तारखेपासून सोलरच्या साहित्यावरचा कर 12 वरून 5 टक्के.

ठेकेदाराचा लगेच फोन आला. ‘साहेब, सगळे थांबलेत. पॅनेलचं बिल 22 नंतर करू.’ दादालाही ते पटलं. सोलरच्या कामात 70 टक्के साहित्य आणि 30 टक्के सेवा धरून कर लागतो. तो जुन्या दराने एकूण 13.8 टक्के होत होता, नव्या दराने 8.9 होणार होता. 15 लाखांवर फरक 73,500 रुपयांचा. दादा म्हणाला, ‘एवढे पैसे कोण सोडतं?’

मॅडमनी शांतपणे विचारलं, ‘हा जीएसटी तुम्ही खिशातून भरताय का?’ भरत नव्हतो. सोलरवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट आम्हाला मिळतं आणि आम्ही ग्राहकांच्या बिलांवर जो कर भरतो त्यात ते वळतं होतं. दर 13.8 असो की 8.9, आमच्यासाठी शेवटी सारखंच. जास्तीची रक्कम थोडे दिवस अडकते, एवढंच. उलट थांबलो असतो तर पॅनेल 22 नंतर येणार, मग जोडणी, मग तपासणी आणि नेट मीटर. 3 ऑक्टोबर हमखास हुकला असता आणि त्या वर्षीची 1 लाख 40 हजारांची बचत पुढे ढकलली गेली असती. ती बुडत नाही, पुढच्या वर्षांत मिळते. पण कर्जाचे हप्ते पहिल्याच वर्षी सुरू होतात. पैसा तेव्हाच हातात हवा असतो.

इथे एक सांगायलाच हवं. ज्यांना क्रेडिट मिळत नाही त्यांचं गणित वेगळं. पाचगणीतली निवासी शाळा, साताऱ्यातलं रुग्णालय, महाबळेश्वरातलं 5 टक्के जीएसटीचं उपाहारगृह, यांच्यासाठी ती दरकपात म्हणजे खरी बचत. त्यांनी थांबण्यात अर्थ होता.

आम्ही थांबलो नाही. ठेकेदाराला जुन्या दराने बिल करायला लावलं. पावसाने उघडीप दिली त्या दिवसांत त्याच्या पोरांनी अंधार पडेपर्यंत काम ओढलं, त्यांचे मी आजही आभार मानतो. मीटरची तपासणी होऊन महिनाअखेरीच्या आत सोलर सुरू झालं. निरभ्र दिवशी 120 युनिटांच्या आसपास वीज बनते. 15 डिसेंबरचा आगाऊ कर भरताना दादाने चलनाचा आकडा पाहिला आणि जुन्या मशिनचा विषय मिटला.

कागदांबाबत दोन गोष्टी. शेडचे काही जुने पत्रे आम्ही त्याच वेळी बदलले. त्याचं बिल मॅडमनी वेगळं करायला लावलं, कारण तो इमारतीचा खर्च. त्यावर घसारा 10 टक्के आणि जीएसटीचं क्रेडिट नाही. एकाच बिलात सगळं कोंबलं असतं तर सोलरचाही हिशोब वादात आला असता. दुसरं म्हणजे, ज्या जीएसटीचं क्रेडिट घेतलं ती रक्कम घसाऱ्याच्या किमतीत धरायची नाही. दोन्हीकडून फायदा घेता येत नाही.

एमआयडीसीतल्या कोणाला या वर्षी बसवायचं असेल तर अर्ज जूनमध्येच टाका, आणि सोलर चालू झाल्याच्या तारखेचा कागद, नेट मीटरचा अहवाल, इन्व्हर्टरच्या पहिल्या दिवसाच्या नोंदीची प्रत एका फाईलला लावून ठेवा. आमची फाईल ऑफिसात आहे, कधीही येऊन बघा.