ड्राय बाल्कनीचं काम घरच्या घरी

आपल्याकडे पुण्यातल्या फ्लॅटात लॉन्ड्री रूम वगैरे कुठे असते हो, किचनच्या मागे चार बाय सहाची ड्राय बाल्कनी, त्यातच वॉशिंग मशीन, भांडी घासायची मोरी, बादल्या, झाडू, कांद्याबटाट्याची टोपली आणि डोक्यावर ओले कपडे. आमच्या बाल्कनीत भिंतीला खालून दीडेक फूट खार फुटलेला, पापुद्रे मशीनवर पडायचे, फरशीच्या सांध्यांत काळ्या रेघा. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला सगळं फोडून नवीन करू, आणि आकडा असा सांगितला की मी चहा पाजून त्यांना वाटेला लावलं. हातात ड्रिल कधी धरलेलं नाही, पण म्हटलं बघू.

माझं एकच म्हणणं आहे, या खोलीत काम असतं ते पाण्याचं, बाकी सगळा मेकअप. यूट्यूबवर सगळे आधी रंग आणि शेल्फ दाखवतात. पण पाणी मुरतंय कुठून ते कळल्याशिवाय वर कितीही महाग पेंट मारा, पुढच्या पावसाळ्यात परत पापुद्रे.

म्हणून आधी ढाळ बघितला. तांब्याभर पाणी फरशीवर ओतायचं आणि ते नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे पाणी जायच्या जाळीकडे जातंय की कोपऱ्यात बसून राहतंय ते नुसतं बघायचं. आमचा ढाळ बरा निघाला, म्हणजे फरशी फोडायची गरज नव्हती. मग ट्रॅपच्या तोंडाला प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं फडकं घट्ट कोंबलं, इंचभर पाणी तुंबवून चोवीस तास ठेवलं आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंना सांगितलं की छतावर लक्ष ठेवा. त्यांच्याकडे कडेला ओल दिसली, मधे काही नाही. म्हणजे भिंत आणि फरशीचा जोड आणि सांधे, दुखणं तिथेच.

सांधे खरवडणं हे सगळ्यात कंटाळवाणं काम, हॅकसॉचं तुटकं पातं फडक्यात धरून रेघ न् रेघ उकरायची, धूळ ब्रशने काढायची, सगळं खडखडीत वाळू द्यायचं. मग इपॉक्सी ग्राउट, म्हणजे सांधे भरायचा मसाला. साधं सिमेंटवालं ग्राउट स्वस्त पडतं पण ते पाणी पितं आणि परत काळं होतं, इथे कंजूषी नको. इपॉक्सीत रेझिन, हार्डनर आणि पावडर असं तिन्ही कालवायचं असतं आणि एकदा कालवलं की घड्याळ सुरू, उन्हाळ्यात तर ते अजून लवकर घट्ट होतं. बोहरी आळीतल्या दुकानदार काकांनी सांगितलं होतं, "ताई, मुठीएवढंच कालवा, संपलं की दुसरं." लाख मोलाचं. प्लास्टिकच्या पट्टीने सांध्यात दाबून भरायचं आणि फरशीवर पसरलेलं लगेच ओल्या स्पंजने पुसायचं, वाळलं की नखाने सोडा, पात्यानेही निघत नाही.

भिंतीचं त्या मानाने सोपं. पापुद्रे तारेच्या ब्रशने पार प्लास्टरपर्यंत काढले, भिंत वाळू दिली, वॉटरप्रूफ कोटिंगचे दोन हात उलटसुलट दिशेने, मग व्हाइट सिमेंटवाली पुट्टी (पीओपी इथे अजिबात नको, ओल लागली की फुगतं), प्रायमर, आणि बाहेरच्या भिंतीचा पेंट.

प्लंबिंगमध्ये मशीनचा नळ मी बदलला, टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेने गुंडाळायची एवढं कळलं की जमतं. ड्रेन पाइपचं मात्र बऱ्याच जणांना माहीत नसतं, फ्रंट लोडचा पाइप नुसता जमिनीवर ट्रॅपमध्ये सोडला तर पाणी भरता भरताच आपोआप ओढलं जाऊन निघून जाऊ शकतं आणि मशीन बिचारं भरतच बसतं. तो आधी साधारण दोन-तीन फूट वर नेऊन मग खाली सोडायचा, नेमकी उंची मॅन्युअलमध्ये असते.

वायरिंगला हात लावला नाही आणि तुम्हीही लावू नका. गरम पाण्याचा हीटर चालू झाला की मशीन २००० वॅटच्या आसपास खेचतं, म्हणजे २३० व्होल्टला नऊएक अँपिअर, तिथे ६ अँपिअरचा प्लग वितळणारच, एक्स्टेंशन बोर्ड तर विसराच. इलेक्ट्रिशियनकडून १६ अँपिअरचा पॉइंट, नीट अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळायला लागला की वीज तोडणारा स्विच) लावून घेतला. ओल्या पायांनी उभं राहायची जागा आहे ती, तिथे पैसे वाचवून काय करणार.

शेवटी छताला दोरीवर वरखाली होणारं कपड्यांचं स्टँड. स्लॅबला नुसतं फिरणारं ड्रिल चालत नाही, हॅमर मोडच लागतो, ८ एमएमचा बिट, ८ एमएमची गट्टी (स्क्रू धरून ठेवायला भोकात ठोकायची ती), डोळ्यांवर चष्मा हवाच कारण सगळा भुगा तोंडावर येतो. बिट मधेच अडून कर्कश आवाज करायला लागला तर आत सळई आहे, जोर लावू नका, भोक दोन इंच सरकवा. नवऱ्याने आधी त्याला लोंबकळून बघितलं, मी नको म्हणत असताना. पडलं नाही. आता राहिलीय ती कबुतरांची जाळी, पण ती बाहेरून बांधावी लागते आणि आम्ही चौथ्या मजल्यावर, तेव्हा त्याला माणूस बोलावलाय.