शनिवारी पिट, रविवारी स्टीलर्स: पिट्सबर्गमध्ये एकाच मैदानावर दोन सामने

अमेरिकन फुटबॉलमध्ये कॉलेजचे सामने शनिवारी होतात आणि व्यावसायिक एनएफएलचे रविवारी. बहुतेक विद्यापीठांची स्वतःची स्टेडियम आहेत, पण मोठ्या शहरांतल्या काही कॉलेज संघांना व्यावसायिक संघाच्या मैदानावर खेळावं लागतं. पिट्सबर्ग विद्यापीठाचा पँथर्स संघ, म्हणजे सगळ्यांच्या तोंडचं 'पिट', त्यांपैकीच एक. २००१ पासून पिट आणि शहराचा एनएफएल संघ स्टीलर्स अॅक्रिशर स्टेडियममध्ये खेळतात. जुलै २०२२ पर्यंत त्याचं नाव हाइन्झ फील्ड होतं आणि गावातले लोक अजूनही तेच वापरतात. दोन्ही संघ घरी असतील असा शनिवार-रविवार निवडला, तर एकाच गवतावर दोन वेगळी जगं बघायला मिळतात. कार्नेगी मेलन विद्यापीठात (सीएमयू) किंवा पिटमध्ये शिकणाऱ्या मुलांना भेटायला शरद ऋतूत पिट्सबर्गला जाणारे मराठी आईवडील बरेच आहेत. त्यांना तर हे सहज जमण्यासारखं आहे.

सगळं काही योग्य शनिवार-रविवार हेरण्यावर आहे. एनएफएलचं वेळापत्रक मे महिन्यात येतं. कॉलेजच्या तारखा त्याआधीच ठरलेल्या असतात. दोन्ही समोरासमोर ठेवून लागोपाठचे घरचे सामने शोधायचे. ते दर आठवड्याला येत नाहीत, हंगामात मोजकेच असतात. तारीख मिळाली म्हणून लगेच विमानाचं तिकीट काढू नका, कारण तारीख पक्की असली तरी वेळ पक्की नसते. पिटच्या सामन्याची वेळ टीव्हीवाले ठरवतात आणि बऱ्याचदा ती १२ दिवस आधी, कधी तर फक्त ६ दिवस आधी कळते. दुपारी १२, साडेतीन किंवा रात्र, काहीही होऊ शकतं. स्टीलर्सचा नेहमीचा सामना रविवारी दुपारी १ चा, पण हंगाम रंगात आला की एनएफएल तो रात्री ८:२० लाही हलवू शकते. त्यामुळे शुक्रवारी रात्री पोचायचं आणि परतीचं विमान सोमवारचं घ्यायचं. रविवार संध्याकाळची उड्डाणं स्वस्त दिसली तरी भुलू नका, सामना तीन तासांहून जास्त चालतो आणि त्यानंतर रस्ते तुंबतात.

तिकिटांच्या बाबतीत दोन्ही संघांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. स्टीलर्सच्या हंगामी तिकिटांची प्रतीक्षायादी अनेक वर्षांची आहे, म्हणजे बाहेरच्या माणसाला पुनर्विक्रीवरच अवलंबून राहावं लागतं आणि किंमत तीन आकडी डॉलरच्या खाली क्वचितच येते. पिटचं तिकीट मात्र साध्या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध सामन्याच्या आठवड्यातही आरामात आणि बरंच स्वस्त मिळतं. वेस्ट व्हर्जिनिया, पेन स्टेट किंवा नोत्र दाम समोर असेल तर हे गणित चुकतं, मग आधीच घ्यावं. क्रमही लक्षात ठेवा: आधी स्टीलर्सचं तिकीट, मग हॉटेल, शेवटी पिटचं तिकीट. तिकीट फक्त मोबाइलवर येतं. हॉटेलच्या वायफायवर असतानाच ते फोनच्या वॉलेटमध्ये उतरवून ठेवा. गेटपाशी हजारो फोन एकाच वेळी नेटवर्क ओढतात आणि अॅप उघडता उघडत नाही.

राहायचं डाउनटाउनमध्ये, वुड स्ट्रीट किंवा गेटवे स्थानकाजवळ. कारण 'टी' नावाची तिथली हलकी रेल्वे. फर्स्ट अॅव्हेन्यूपासून अॅलेगेनी स्थानकापर्यंत तिचा प्रवास फुकट आहे. २०१२ मध्ये नदीखालून बोगदा काढून ती पलीकडच्या नॉर्थ शोअरला नेली आणि अॅलेगेनी हे शेवटचं स्थानक स्टेडियमला लागूनच आहे. विमानतळावरून २८एक्स क्रमांकाची बस डाउनटाउनमार्गे ओकलंडला, म्हणजे पिट आणि सीएमयूपर्यंत जाते. भाडं २.७५ डॉलर. रोख देणार असाल तर नेमकी रक्कम लागते, सुटे परत मिळत नाहीत. कनेक्टकार्ड घेतलं तर तीन तासांत पुढची बस बदलायला वेगळे पैसे पडत नाहीत.

भाड्याची गाडी असेल तर ती स्टेडियमजवळ न्यायचा विचार सोडून द्या. तिथल्या जागा बहुतांश आधीच विकलेल्या असतात. फर्स्ट अॅव्हेन्यूच्या गॅरेजमध्ये गाडी लावून फुकटच्या टीने जाणं सोपं. स्टेशन स्क्वेअरलाही पार्किंग मुबलक आहे, पण ते स्थानक फुकट टप्प्याच्या बाहेर पडतं. तिथून सामन्याच्या दिवशी बोटीही सुटतात. बोटीने तीन नद्यांच्या संगमावरून स्टेडियमकडे जाणं महाग पडतं, तरी जाताना एकदा करण्यासारखं आहे. येताना नको, रांग फार लांब असते.

शनिवारची सुरुवात स्टेडियमपासून नाही, ओकलंडपासून करा. पिटचं खरं घर इथे होतं. १९२५ साली बांधलेलं पिट स्टेडियम १९९९ च्या हंगामानंतर पाडलं आणि त्या जागी पीटरसन इव्हेंट्स सेंटर हे बास्केटबॉलचं बंदिस्त सभागृह उभं राहिलं. २००० चा एक हंगाम पिट स्टीलर्सच्या तेव्हाच्या थ्री रिव्हर्स स्टेडियममध्ये खेळलं. फेब्रुवारी २००१ मध्ये तेही सुरुंग लावून जमीनदोस्त झालं आणि शेजारी आजचं स्टेडियम उघडलं. टेकडीच्या चढावर उभं राहिलं की विद्यापीठाने हा निर्णय का घेतला ते कळतं. एका बाजूला रुग्णालयांच्या इमारती, दुसऱ्या बाजूला वसतिगृहं, कुठे इंचभर जागा नाही. कॅम्पसवर पुन्हा स्टेडियम हवं ही माजी विद्यार्थ्यांची मागणी दर काही वर्षांनी डोकं वर काढते, पण वर्षातल्या सहा-सात शनिवारांसाठी एवढी जमीन आणि एवढा पैसा कुठून आणायचा, इथे गाडं अडतं. मागणी भावनेला धरून आहे, हिशेबाला धरून नाही.

त्याच आवारात ४२ मजली कॅथीड्रल ऑफ लर्निंग आहे. पिट जिंकलं की रात्री तिच्या माथ्यावर सोनेरी दिवे लागतात. आतल्या राष्ट्रीयत्व-कक्षांमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या देशांच्या शैलीत सजवलेल्या वर्गखोल्यांमध्ये, एक भारतीय कक्ष आहे, नालंदा विद्यापीठाच्या चौकाच्या धर्तीवर लाल विटांत बांधलेला. शनिवार-रविवारी फेरीचं तिकीट लागतं, वेळा आधी बघून जा. दुपारी १२ चा सामना असेल तर मात्र हे शुक्रवारी किंवा सोमवारी उरकावं.

ओकलंड ते स्टेडियम अंतर पाचेक किलोमीटर. ६१ आणि ७१ क्रमांकांच्या बस डाउनटाउनला येतात, तिथून टी. फिफ्थ अॅव्हेन्यूवर बसमार्गाच्या कामांमुळे थांबे हलवले जातात, म्हणून ट्रान्झिट अॅपवर थांबा तपासून निघा. बदलासकट पाऊण तास धरा. कॅम्पसमध्ये स्टेडियम असतं तेव्हा विद्यार्थी खोलीतून उठून दहा मिनिटांत जागेवर बसतो. इथे त्याला बस पकडावी लागते. थंडी-पावसात, संघ हरत असताना, मध्यंतरानंतर विद्यार्थ्यांचा कोपरा रिकामा का होतो, याचं निम्मं उत्तर या पाऊण तासात आहे.

मैदान रिकामं दिसण्याचं दुसरं निम्मं उत्तर खुर्च्यांच्या रंगात. स्टेडियमची क्षमता सुमारे ६८,४०० आणि खुर्च्या स्टीलर्सच्या पिवळ्या रंगाच्या. पिटला ४५-५० हजार लोक आले, म्हणजे कॉलेजच्या मानाने उत्तम गर्दी झाली, तरी वरच्या मजल्यावरचे पिवळे पट्टे टीव्हीवर लख्ख दिसतात आणि 'पिटला कोणी येत नाही' अशी बोंब होते. हीच गर्दी ४५ हजारांच्या मैदानात उतू गेली असती.

प्रत्यक्ष तिथे बसणाऱ्याला या रिकामेपणाचा फायदाच होतो. शनिवारी खालच्या मजल्यावरचं, मधल्या रेषेजवळचं तिकीट परवडतं. ते जरूर घ्या, आणि रविवारी वरच्या ५०० क्रमांकांच्या विभागात बसा. उत्तरेच्या टोकाला वर बसलं तर दक्षिणेकडच्या उघड्या बाजूने संगम आणि डाउनटाउनच्या इमारती दिसतात. दुपारच्या सामन्यात पूर्वेच्या स्टँडला मावळतीचं ऊन तोंडावर येतं. सप्टेंबरमध्ये ते नकोसं होतं, नोव्हेंबरमध्ये हवंहवंसं.

आता मैदानाकडे बघा, कारण सगळ्यात रंजक भाग तोच आहे. मधल्या तुटक खुणांच्या दोन ओळी, हॅश मार्क, कॉलेजमध्ये एकमेकींपासून ४० फूट लांब असतात, एनएफएलमध्ये १८ फूट ६ इंच. म्हणजे शनिवारचा सामना संपल्यावर काही तासांत कॉलेजच्या ओळी हिरव्या रंगाने बुजवून एनएफएलच्या आखाव्या लागतात, शिवाय एंड झोनमधली, म्हणजे मैदानाच्या दोन्ही टोकांच्या पट्ट्यांमधली, रंगरंगोटी बदलायची. अनेक हंगामांत स्टीलर्सच्या सामन्यांनाही एका एंड झोनमध्ये नाव न रंगवता नुसत्या तिरक्या पांढऱ्या रेषा दिसत, त्यामागचं कारण हीच घाई. रविवारी दुर्बिणीतून पाहिलं तर आदल्या दिवशीच्या खुणांच्या जागी गवताची छटा जरा वेगळी दिसते. खेळावरही याचा परिणाम होतो: शनिवारी चेंडू बाजूच्या हॅशवर असला की एका बाजूला प्रचंड मोकळं रान मिळतं आणि फील्ड गोल (लाथेने चेंडू खांबांमधून मारून मिळवायचे तीन गुण) तिरक्या कोनातून मारावा लागतो. रविवारी चेंडू जवळपास मधूनच सुटतो. दक्षिणेच्या उघड्या टोकाला नदीवरचा वारा फिरतो, तिकडचा लांबचा फील्ड गोल किकर लोकांना नकोसा वाटतो.

गवत खरं आहे, केंटकी ब्लूग्रास. सप्टेंबरमध्ये ते झपाट्याने भरून येतं, पण ऑक्टोबर संपता संपता थंडीने वाढ मंदावते आणि नेमके तेव्हाच सामने दाटीवाटीने येतात. हॅशच्या मधला पट्टा आधी उखडतो. याचा कळस २००७ मध्ये झाला. शुक्रवार, २३ नोव्हेंबरला शाळांचे चार अंतिम सामने, शनिवारी पिटचा साउथ फ्लोरिडाविरुद्ध सामना. मग झीज झाकायला जुन्या मैदानावरच नवं गवत अंथरलं. मुळं धरायला वेळ नाही आणि वरून धो धो पाऊस. सोमवारी रात्री स्टीलर्स आणि मायामी डॉल्फिन्स चिखलात लोळले. एक पंट, म्हणजे लाथेने लांब मारलेला चेंडू, तर टोकावर पडून जमिनीत तसाच रुतून बसला. शेवटी १७ सेकंद उरले असताना जेफ रीडने मारलेल्या फील्ड गोलवर स्टीलर्स ३-० ने जिंकले. तेव्हा चांगलं मैदान बघायचं असेल तर सप्टेंबर किंवा ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा. नोव्हेंबर अखेर दोन्ही सामने मिळाले तर रविवारी चेंडू हातात घेऊन धावण्याचा खेळ जास्त आणि घसरणं जास्त, हे गृहीत धरा.

नियमांतले दोनच फरक डोक्यात ठेवले तरी पुरे. कॉलेजमध्ये झेल घेताना एक पाय मैदानात टेकला की चालतं, एनएफएलमध्ये दोन्ही लागतात. कॉलेजमध्ये खेळाडूचा गुडघा आपोआप टेकला तरी चाल संपते, एनएफएलमध्ये प्रतिस्पर्ध्याचा स्पर्श व्हावा लागतो. शनिवारी मध्यंतर २० मिनिटांचं असतं आणि बँड मैदानात उतरतो. खाण्याच्या रांगेत तेव्हा जाऊ नका, दुसऱ्या क्वार्टरच्या मध्यावरच जाऊन या. रविवारचं मध्यंतर बरंच आखूड, तेव्हा रांगेत उभं राहिलं तर तिसऱ्या क्वार्टरचा निम्मा भाग हुकतो.

पिशवीचा नियम दोन्ही दिवशी कडक. पारदर्शक पिशवी, कमाल १२ × ६ × १२ इंच, किंवा एक गॅलनची झिपलॉक. साधी पर्स ४.५ × ६.५ इंचांहून मोठी चालत नाही. छत्री आत नेता येत नाही, तेव्हा रेनकोट किंवा पाँचो बाळगा. नोव्हेंबरमध्ये खुर्चीवर टाकायला जाडसर काहीतरी घ्या, थंडी खालून चढते. पैसे कार्डानेच. शाकाहाऱ्यांना आत फारसा वाव नाही: फ्राइज, प्रेट्झेल, मिळालेच तर बटाटा-चीज भरलेले पिरोगी. पेन हिल्स या उपनगरातल्या श्री वेंकटेश्वर मंदिराच्या कँटीनमध्ये चिंचेचा भात आणि दहीभात मिळतो, पण तिकडे गाडी लागते आणि रविवारच्या सामन्याच्या वेळेशी ते जुळवणं कठीण.

रविवारी साडेअकरापर्यंत पोचा. थ्री रिव्हर्स स्टेडियमच्या जागी, आताच्या पदपथावर, २३ डिसेंबर १९७२ ला स्टीलर्सच्या फ्रँको हॅरिसने घेतलेल्या गाजलेल्या झेलाची खूण आहे. ती पाहून पूर्वेकडच्या ग्रेट हॉलमधून आत जा. स्टीलर्सचे चाहते सामन्यात फिरवतात तो पिवळा टॉवेल बाहेरच विकत घ्या. मायरन कोप या समालोचकाने १९७५ मध्ये सुरू केलेल्या या टेरिबल टॉवेलचे हक्क त्यांनी १९९६ मध्ये अॅलेगेनी व्हॅली स्कूल या अपंगांसाठी काम करणाऱ्या संस्थेला दिले. नकली टॉवेलचा पैसा तिकडे जात नाही, म्हणून लेबल बघून घ्या. पिटचे काही खेळाडू पुढे स्टीलर्सकडूनही खेळले: कॉलेजचे खेळाडू निवडण्याच्या एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये स्टीलर्सनी जेम्स कॉनरला २०१७ मध्ये घेतलं, केनी पिकेटला २०२२ मध्ये पहिल्याच फेरीत. दोघेही नंतर दुसऱ्या संघांकडे गेले. दोन्ही संघांचा सरावही साउथ साइडच्या एकाच संकुलात चालतो.

परतताना अॅलेगेनी स्थानकाची रांग पाहून बरेच जण पुढच्या नॉर्थ साइड स्थानकाकडे चालू लागतात. तसं करू नका. गाडी अॅलेगेनीला रिकामी होऊन सुटते आणि नॉर्थ साइडला भरलेलीच येते. एक तर अॅलेगेनीलाच उभं राहा, नाहीतर फोर्ट ड्यूकेन पुलाच्या पादचारी मार्गाने थेट डाउनटाउनला चालत जा.

पिट्सबर्ग जमत नसेल तर फिलाडेल्फियात टेंपल विद्यापीठ ईगल्स या एनएफएल संघाच्या लिंकन फायनान्शियल फील्डवर खेळतं आणि कॅम्पसच्या सेसिल बी. मूर स्थानकावरून ब्रॉड स्ट्रीटची मेट्रो सरळ स्टेडियमपर्यंत जाते. मायामी विद्यापीठाचं मैदान कॅम्पसपासून खूप लांब, गाडीशिवाय जाऊच नये. लास व्हेगासमध्ये गवताचा प्रश्न पैशाने सोडवला आहे: एनएफएलच्या रेडर्ससाठी खऱ्या गवताचा अख्खा ट्रे आत सरकवतात, तो बाहेर काढला की यूएनएलव्हीचा (तिथल्या नेवाडा विद्यापीठाचा) संघ खालच्या कृत्रिम मैदानावर खेळतो. तिथे रविवारी शनिवारची एकही खूण सापडणार नाही.