विंडोज १० सोडण्याआधी डी ड्राइव्ह, डोंगल आणि फॉन्ट तपासा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० च्या मोफत सुरक्षा दुरुस्त्या थांबल्या. त्या दिवशी कुणाचं मशीन बंद पडलं नाही, पुढेही त्या कारणाने पडणार नाही. पण त्यानंतर सापडलेली भोकं बुजवायला, वेगळी नोंदणी केल्याशिवाय, कुणी येत नाही. ज्या कॉम्प्युटरवरून बँक, जीएसटी आणि ई-टेंडर चालतं, तो तसाच वापरत राहणं चुकीचं आहे, हे आधीच स्पष्ट सांगतो.

तरीही "मग लगेच ११ टाकून घ्या" असं सरसकट म्हणणार नाही. विंडोज ११ चांगलं की वाईट, यावर लोक तासन्‌तास बोलतात. खरा घोळ होतो तो मशीनला जोडलेल्या कामात. जुना प्रिंटर, श्रीलिपी या मराठी टंकन सॉफ्टवेअरचं डोंगल (ते चालायला मशीनला लावायची किल्ली), टॅलीचं लायसन्स, डिजिटल सहीचं टोकन, डी ड्राइव्हवरचा दहा वर्षांचा डेटा. म्हणून निर्णय प्रत्येक मशीनचा वेगळा घ्या. ऑफिसात पाच कॉम्प्युटर असतील तर उत्तरंही पाच येऊ शकतात.

पहिला प्रश्न प्रोसेसरचा. इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा हवा. आय ५ ७४०० सातव्या पिढीचा, तो बसत नाही. आय ३ ८१०० बसतो. एएमडीत रायझन २००० मालिकेपासून पुढचे चालतात असं सांगितलं जातं आणि तिथेच लोक फसतात. रायझन ५ २६०० मायक्रोसॉफ्टच्या मान्य यादीत आहे, पण आपल्याकडे असेंबल्ड मशीनमध्ये भरपूर खपलेला रायझन ३ २२००जी यादीत नाही, कारण नाव २००० चं असलं तरी आतली रचना पहिल्या पिढीची आहे. त्यामुळे आकड्यावर विसंबू नका. मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' हे छोटं मोफत सॉफ्टवेअर चालवा. ते नेमकं कुठे अडतंय ते दाखवतं. बाकी अटी साध्या आहेत: ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारा भाग) आणि सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) चालेल असं यूईएफआय बायोस (मशीन सुरू करणारं नव्या पद्धतीचं मूळ सॉफ्टवेअर). ४ जीबी हा कागदावरचा आकडा समजा. ८ जीबी रॅम आणि एसएसडी नसेल तर ११ टाकू नका. फिरणाऱ्या हार्डडिस्कवर ते सुरू होतं, पण काम करणाऱ्याचा जीव जातो.

प्रोसेसर बसत असूनही 'टीपीएम नाही' असा शेरा आला तर घाबरू नका. बहुतेक वेळा ते प्रोसेसरमध्येच असतं, फक्त बायोसमध्ये बंद असतं. इंटेलच्या बोर्डवर त्याला 'पीटीटी' म्हणतात, एएमडीच्या बोर्डवर 'एफटीपीएम'. ते सुरू करण्याआधी मात्र एक गोष्ट बघाच. लॅपटॉपवर 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' किंवा बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरच्या डेटाला लावलेलं कुलूप, चालू आहे का? अनेक ब्रँडेड लॅपटॉपवर ते मालकाला न कळताच चालू झालेलं असतं. तसं असताना टीपीएम किंवा सिक्युअर बूटच्या सेटिंगला हात लावला, की पुढच्या वेळी निळ्या पडद्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते. ती की नसेल तर डेटा गेला, तो कुणीही काढून देऊ शकत नाही. मायक्रोसॉफ्ट खात्यात लॉगिन करून ती की शोधा, कागदावर उतरवा, मग एन्क्रिप्शन तात्पुरतं थांबवा आणि त्यानंतरच बायोसमध्ये जा. एएमडीच्या बोर्डवर बायोस अपडेट केल्यावर 'एफटीपीएम रीसेट करू का' असा प्रश्न काळ्या पडद्यावर येतो. बिटलॉकर चालू असेल आणि की हाताशी नसेल, तर तिथे 'वाय' दाबू नका.

आता असेंबल्ड डेस्कटॉपकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त अडचण तिथेच होते. आपल्याकडे विंडोज टाकताना सी, डी, ई, एफ असे ड्राइव्ह पाडायची जुनी पद्धत आहे आणि बऱ्याच वेळा ते लेगसी म्हणजे जुन्या बायोस मोडमध्ये, एमबीआर या जुन्या पद्धतीने पाडलेले असतात. स्टार्टमध्ये 'सिस्टीम इन्फर्मेशन' शोधून 'बायोस मोड' या ओळीपुढे काय आहे ते पाहा. 'यूईएफआय' असेल तर हा सगळा परिच्छेद सोडून द्या. 'लेगसी' असेल तर डिस्क आधी जीपीटी या नव्या पद्धतीची करावी लागेल. त्यासाठी विंडोज १० मध्येच 'एमबीआर-टू-जीपीटी' नावाचं साधन आहे. ते कमांड प्रॉम्प्टमधून अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवतात आणि डेटा न पुसता डिस्कची पद्धत बदलतात. पण त्याच्या दोन अटी आहेत: प्रायमरी पार्टिशन तीनपेक्षा जास्त नकोत आणि लॉजिकल पार्टिशन (एका मोठ्या भागाच्या आत पाडलेलं) एकही नको. आपले डी, ई, एफ बहुतेक वेळा लॉजिकलच असतात. म्हणून ते साधन 'व्हॅलिडेट' म्हणजे आधीची तपासणी करतानाच नकार देतं आणि लोकांना वाटतं डिस्क खराब आहे. डिस्क खराब नसते. डी, ई, एफ मधला सगळा डेटा बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्या, कॉपी झालेल्या फाइल उघडून बघा, मग ती पार्टिशनं काढून टाका आणि पुन्हा व्हॅलिडेट करा. आधी डिस्क बदलायची, मग बायोसमध्ये सीएसएम (जुन्या लेगसी पद्धतीने सुरू होण्याची सोय) बंद करून यूईएफआय लावायचं. क्रम उलटा झाला तर विंडोज सुरूच होणार नाही. तसं झालं तर बायोस पूर्ववत लेगसीवर आणा, मशीन परत येईल.

सीएसएम बंद केल्यावर पडदा पूर्ण काळा राहिला तर संशय ग्राफिक्स कार्डावर घ्या. जीफोर्स २१० सारख्या जुन्या कार्डांपैकी बऱ्याच कार्डांत यूईएफआयला लागणारा भाग नसतो. प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स असेल तर कार्ड काढून मॉनिटर थेट मदरबोर्डला जोडा. नसेल तर सीएमओएस रीसेट करून, म्हणजे बायोसची सेटिंग मूळ स्थितीत आणून, मागे या. त्या मशीनला नवं कार्ड लागणार, हा खर्च आधी धरा.

मशीन पास झालं, आता काम. ३२ बिटचं विंडोज १० असेल तर थेट अपग्रेड होत नाही, कारण ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं. नव्याने टाकावं लागतं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, डॉसवरचे फॉक्सप्रोचे जुने प्रोग्रॅम आणि १६ बिटची सॉफ्टवेअर ६४ बिटवर चालतच नाहीत. एखाद्या पतसंस्थेची किंवा दुकानाची वही अजून त्यावर असेल, तर ११ वर जाण्याआधी ती डॉसबॉक्समध्ये किंवा व्हर्च्युअलबॉक्सच्या आत (विंडोजच्या पोटात जुनी प्रणाली चालवणारी साधनं) चालवून, छपाईसकट तपासा. छपाई हा मुद्दा मुद्दाम लिहिला. पडद्यावर सगळं नीट दिसतं आणि डॉट मॅट्रिक्सवर पावती निघत नाही, असा प्रकार इथे नेहमीचा आहे.

मराठी टंकलेखन आणि डीटीपी करणाऱ्यांनी इथे जास्त वेळ द्यावा. श्रीलिपी, आकृती, आयएसएम यांचे फॉन्ट ११ वर चालतात, त्या फक्त फॉन्टच्या फाइली आहेत. अडतं ते कीबोर्डचं इंजिन आणि डोंगलचा ड्रायव्हर. ज्या आवृत्तीचं डोंगल आहे तिचा ६४ बिट विंडोज ११ साठीचा ड्रायव्हर विक्रेत्याकडून आधी मिळवून पेनड्राइव्हवर ठेवा. तो मिळत नसेल तर ते मशीन अपग्रेड करू नका, इंटरनेटपासून तोडून फक्त पानं लावायला ठेवा. दुसरी गोष्ट फॉन्ट टाकण्याच्या पद्धतीची. फॉन्टवर दोनदा क्लिक करून 'इन्स्टॉल' केलं की तो फक्त त्या वापरकर्त्यापुरता बसतो आणि जुन्या पेजमेकर-कोरलला दिसत नाही. राइट क्लिक करून 'इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स' निवडा.

युनिकोडवाल्यांनाही एक धक्का बसतो. नव्याने टाकलेल्या विंडोजमध्ये मंगल फॉन्ट आपोआप येतोच असं नाही. निर्मला यूआय येतो. मंगलमध्ये केलेली वर्डची फाइल मग दुसऱ्या फॉन्टमध्ये उघडते, ओळी सरकतात आणि २० पानांचा अहवाल २२ पानांचा होतो. सेटिंग्जमध्ये 'ऑप्शनल फीचर्स'मध्ये जाऊन 'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स' जोडा. मंगल, कोकिळा, अपराजिता, उत्साह हे सगळे त्यात आहेत. कीबोर्डसाठी भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडली की इनस्क्रिप्ट मिळतो, आणि 'मराठी फोनेटिक' त्याच भाषेच्या पर्यायांतून वेगळा जोडावा लागतो.

टॅली विंडोज ११ वर व्यवस्थित चालतं. मात्र फॉरमॅट मारणार असाल तर आधी टॅलीतूनच लायसन्स 'सरेंडर' करा आणि डेटा फोल्डर वेगळा कॉपी करा. डिजिटल सहीच्या टोकनात सर्टिफिकेट टोकनच्या आतच असतं, त्यामुळे फॉरमॅटने ते जात नाही. जातं ते फक्त ड्रायव्हर आणि सही करणारं सॉफ्टवेअर. नवा ड्रायव्हर टाकताना टोकनच्या साधनात 'इनिशियलाइज' असं बटण दिसेल. त्याला हात लावू नका, त्याने सर्टिफिकेट पुसलं जातं. जुना ड्रायव्हर ११ वर चढत नसेल तर कारण बहुधा 'मेमरी इंटिग्रिटी' हे संरक्षण असतं. ते बंद करून काम भागवण्यापेक्षा टोकन देणाऱ्या कंपनीचा ताजा ड्रायव्हर घ्या.

हे सगळं जुळलं तर अपग्रेड करा, आणि तेही फॉरमॅट न मारता, आहे त्यावर. विंडोज १० अस्सल आणि ॲक्टिव्हेट केलेलं असेल तर ११ ला पैसे पडत नाहीत. सी ड्राइव्हवर ३० जीबीच्या आसपास जागा मोकळी करा, बाहेरचा अँटिव्हायरस काढा, प्रिंटर, डोंगल, पेनड्राइव्ह सगळं उपसून ठेवा. फक्त माउस-कीबोर्ड राहू द्या. यूपीएस किंवा इन्व्हर्टर असल्याशिवाय सुरुवात करू नका. मध्येच वीज गेली तर मशीन बहुधा मागच्या विंडोजवर परतते, पण 'बहुधा'वर ऑफिस सोडू नये. एसएसडीवर साधारण तास-दोन तास धरा. शुक्रवारी संध्याकाळी करा, जीएसटी रिटर्नच्या आठवड्यात अजिबात नको.

मध्येच अडलं तर येणारा आकडा लिहून घ्या. '०एक्ससी१९००१०१' ने सुरू होणारा कोड म्हणजे ड्रायव्हरचा अडथळा. बहुतेक वेळा जुना वायफाय, ग्राफिक्स किंवा डोंगलचा ड्रायव्हर काढला की पुढे जातं. 'सिस्टीम रिझर्व्ह्ड पार्टिशन अपडेट करता आलं नाही' असा संदेश आला तर सी ड्राइव्हवर जागा करून काही होत नाही. भरलेलं असतं ते १०० एमबीचं लपलेलं बूट पार्टिशन. त्यातल्या बूट फोल्डरमधल्या फॉन्टच्या फाइली पुसल्या की जागा होते, आणि ही मायक्रोसॉफ्टनेच सांगितलेली रीत आहे.

अपग्रेड झाल्यावर मागे फिरायला १० दिवस मिळतात. सेटिंग्जमध्ये 'रिकव्हरी'खाली 'गो बॅक' दिसतं. ही मुदत 'डिसम' कमांडने ६० दिवसांपर्यंत वाढवता येते, पण ती कमांड पहिल्या १० दिवसांतच द्यावी लागते. तोवर डिस्क क्लीनअप करू नका. 'विंडोज डॉट ओल्ड' हे फोल्डर गेलं की परतीची वाटही गेली. या दिवसांत प्रत्येक काम एकदा खरंखुरं करून बघा: पगारपत्रक छापा, पोर्टलवर सही करा, स्कॅनरवरून एक पान घ्या.

ज्यांचं मशीन बसतच नाही त्यांच्यासाठी दोन रस्ते आहेत. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० च्या सुरक्षा दुरुस्त्या १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत देऊ केल्या. त्यासाठी २२एच२ आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्ट खातं लागतं. सेटिंग्जचा बॅकअप त्या खात्याला जोडला तर पैसे पडत नाहीत, नाहीतर ३० डॉलर किंवा १००० रिवॉर्ड पॉइंट. नोंदणी विंडोज अपडेटच्याच पानावर होते आणि एक नोंदणी १० मशीनपर्यंत चालते. ऑफिसच्या डोमेनमधल्या (एका सर्व्हरवरून सांभाळल्या जाणाऱ्या) मशीनना ही योजना लागू नाही. त्यांची वेगळी आणि महाग आहे, पहिल्या वर्षी मशीनमागे ६१ डॉलर. दुसरा रस्ता लिनक्स मिंटचा, म्हणजे विंडोजऐवजी टाकायच्या मोफत प्रणालीचा. सहाव्या-सातव्या पिढीच्या आय ५ वर, एसएसडीसह, ते सुरेख चालतं, मराठी इनस्क्रिप्टही आहे. ब्राउझर आणि लिबरऑफिसवर भागत असेल तर मुलांच्या अभ्यासाच्या मशीनला मी तेच टाकायला सांगेन. टॅली किंवा सहीचं टोकन असेल तर नाही.

तिसरा रस्ता लोक विचारतात: रूफस नावाच्या साधनाने विंडोज टाकायचा पेनड्राइव्ह बनवून अटी वगळायच्या आणि न बसणाऱ्या मशीनवर ११ टाकायचं. तांत्रिकदृष्ट्या होतं. पण अशा मशीनला अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही आणि दरवर्षीची मोठी आवृत्ती हातानेच चढवावी लागते. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून तर प्रोसेसरमध्ये पॉपकाउंट ही आतली सूचना नसलेल्या कोअर टू ड्युओ मशीनवर विंडोज सुरूच होत नाही. सिनेमे बघायच्या मशीनला चालेल, हिशोबाच्या नको.

आणि ११ वर गेल्यावरही महिन्याचं अपडेट पहिल्याच दिवशी घेऊ नका. ऑक्टोबर २०२५ च्या अपडेटने रिकव्हरीच्या पडद्यावर यूएसबी माउस आणि कीबोर्ड चालेनासे झाले होते. २० ऑक्टोबरला त्याची दुरुस्ती आली. विंडोज अपडेटमध्ये 'पॉज' एका आठवड्याचा ठेवला की असल्या आठवड्यातून मशीन सुखरूप निघतं.