गळलेले केस आणि निजलेली मुळे

केशप्रत्यारोपणानंतरच्या तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी उशीच्या अभ्र्यावर मला जेमतेम अर्धा सेंटिमीटर लांबीचे आठ-दहा केस दिसले. भिंगाखाली पाहिले तर प्रत्येकाच्या टोकाला पांढरट मणी होता. तो मणी म्हणजेच मूळ, आणि ते उपटून आले म्हणजे सगळी खटपट पाण्यात गेली, अशी माझी खात्री झाली. पुढच्या तीन आठवड्यांत लावलेले बहुतेक केस गळले आणि डोके पुन्हा पूर्वीसारखे, खरे तर पूर्वीपेक्षाही उजाड दिसू लागले.

तो मणी मूळ नव्हता, हे मला उशिरा कळले. केसाची वाढ थांबली की त्याचे खालचे टोक कडक होऊन गदेसारखे फुगते आणि त्या टोकासह केस सुटून येतो. ज्या पेशींतून पुढचा केस घडायचा असतो, त्या मात्र त्वचेतच राहतात. ग्राफ्ट, म्हणजे मुळासकट केस असलेला त्वचेचा इवलासा तुकडा, डोक्याच्या मागच्या भागातून काढला जातो तेव्हा त्याचा रक्तपुरवठा तुटतो, आणि नव्या जागी सूक्ष्म रक्तवाहिन्या जोडल्या जाईपर्यंतचे पहिले काही दिवस तो भोवतालच्या द्रवातून झिरपणाऱ्या पोषणावरच तग धरतो. या धक्क्याने केसाची वाढ थांबते आणि मूळ विश्रांतीच्या अवस्थेत जाते. डॉक्टर तिला टेलोजेन म्हणतात. एरवीही डोक्यावरचे साधारण दहा टक्के केस या अवस्थेत असतातच. फरक इतकाच की इथे शेकडो मुळे एकाच वेळी झोपी जातात, म्हणून ते डोळ्यांत भरते. ग्राफ्ट खरोखर निसटला तर तो बहुधा पहिल्या काही दिवसांतच निसटतो, आणि त्या जागी रक्त येते. साधारण दहा दिवसांनी, खपल्या पडून गेल्यावर, तो पक्का रुजलेला असतो.

ही झोप साधारण तीन महिन्यांची असते. या काळात करण्यासारखे फारसे काही नसते, आणि नेमका त्याचाच त्रास होतो. मी रोज सकाळी खिडकीशी आरसा धरून कपाळाची रेषा तपासत असे. केस महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतो, तेव्हा रोजच्या पाहण्यातून निराशेखेरीज काही हाती लागणार नव्हते. शेवटी दर महिन्याच्या पहिल्या तारखेला, त्याच खिडकीशी, कोरड्या केसांचा एकच फोटो काढायचा असे ठरवले.

चौथ्या महिन्यात कपाळाच्या उजव्या बाजूला तीन-चार बारीक पुटकुळ्या आल्या. त्या फोडण्याचा मोह आवरला, हे बरे झाले, कारण आठवड्याभरात त्यांतल्या दोन पुटकुळ्यांतून लवेसारखा, जवळजवळ रंगहीन केस वर आलेला दिसला. त्वचेखालून वाट काढणाऱ्या केसामुळे अशी पुटकुळी येऊ शकते. (ती दुखू लागली, पसरली किंवा तिच्यात पू झाला तर मात्र डॉक्टरांनाच दाखवावे.) सुरुवातीचे हे केस बारीक आणि काहीसे कुरळे असतात; जाडी आणि रंग पुढच्या काही महिन्यांत येतो. शिवाय सगळी मुळे एकदम जागी होत नाहीत. माझी उजवी बाजू डावीपेक्षा चांगली महिनाभर पुढे होती, आणि त्या एका महिन्यात मी डाव्या बाजूविषयी नको नको ते विचार केले.

एका गोष्टीबद्दल मात्र कोणी आधी स्पष्ट बोलत नाही, असे माझे मत झाले आहे. लावलेल्या केसांच्या आसपासचे मूळचे केसही या धक्क्याने गळू शकतात. त्यांतले सशक्त केस काही महिन्यांत परततात. पण जे टक्कल पडण्याच्या प्रक्रियेत आधीच बारीक होत चालले होते, त्यांतले काही कायमचे जातात. प्रत्यारोपित केस मागच्या भागातले आपले टिकाऊपण नव्या जागीही राखतात, हे अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेन्ट्राइक यांनी १९५९ साली मांडले होते. मूळच्या केसांना मात्र ते संरक्षण नसते. मिनॉक्सिडिल, फिनास्टराइड यांसारख्या औषधांची चर्चा होते ती मुख्यतः या उरलेल्या केसांसाठी, आणि ती घ्यायची की नाही हे डॉक्टरांशी बोलूनच ठरवावे.

सध्या अकरावा महिना चालू आहे. समोरची बाजू बहुतेक भरली आहे. भोवऱ्याच्या जागी केस सर्वांत सावकाश येतात, तिथे दीड वर्षही लागू शकते, आणि माझ्या भोवऱ्यात अजून त्वचा दिसते. पुढचा फोटो एक तारखेला काढायचा आहे. तोवर डोक्यामागे दुसरा आरसा धरणे मी बंद केले आहे.