रिक्षा नाही मिळायची

आज पहाटे साडेपाचला पुण्यातल्या तळजाई टेकडीवर पळायला. नवीन जीपीएस घड्याळाला सॅटेलाइट सापडेना म्हणून गेटपाशी हात वर करून उभा, तर एक काका म्हणाले, "अहो, इथे रिक्षा नाही मिळायची." पळायला लागलो आणि हार्टरेट १७४! मी तर मित्राशी मिसळीवर आरामात गप्पा मारत पळत होतो, मग कळलं की पट्टा सैल असला की सेन्सर कधीकधी पावलांचा ठेकाच ठोके म्हणून मोजतो. मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर घट्ट बांधला, तर १३८. म्हणजे स्लो रन खरंच स्लो आहे का हे बघायला, पळताना बोलता येतंय का, हीच टेस्ट बरी, तीही फुकट. झाडीत चांगलं चालतं म्हणून ड्युअल बँड (दोन फ्रिक्वेन्सींवर सिग्नल घेणाऱ्या) जीपीएससाठी जास्त पैसे मोजले, बायको विचारते, तळजाईचा रस्ता अजून पाठ नाही का तुझा?