मरळ जिवंत होता म्हणून कळलं

मी बेळगावात पाणी तपासायच्या लॅबमध्ये आहे. रोजचं काम म्हणजे बोअरचं पाणी, हॉटेलांचं पाणी, अपार्टमेंटच्या टाक्या, कंटाळवाणंच म्हणा ना. पण गेल्या मे महिन्यात जांबोटीच्या पुढं, कणकुंबीकडं जाताना आत जंगलात एक गाव लागतं, तिथल्या तळ्याची जी केस आली ती काय डोक्यातनं जाईना.

तळ्याचा ठेका घेतलेल्या माणसाचा फोन. "सर, मासे सगळे मरूलाल्यात, कुणीतरी औषध टाकलंय, तुम्ही रिपोर्ट द्या, मी स्टेशनला जातो." संशय कुणावर तेही ठरलेलं होतं, वरल्या वाड्यावरची दोन पोरं. आदल्या रात्री ती बॅटऱ्या घेऊन तळ्याकडं दिसलेली. आता वळीव पडला की आमच्याकडं अर्धा खानापूर तालुका रात्री बॅटरी घेऊन कुर्ल्या धरायलाच बाहेर असतो, पण रामेठ्याची साल नाहीतर गेळफळ ठेचून पाण्यात टाकून मासे धरायची पद्धत या भागात जुनीच, त्यामुळं संशयाला जागा होती हेही खरंच.

मी म्हटलं उद्या पहाटे येतो, आणि तोवर पाण्यात काही टाकू नका. त्यांना वाटत होतं मी दुपारी आरामात येईन. पण दुपारी जाऊन उपयोग नसतो, ऊन असलं की पाण्यातलं शेवाळ ऑक्सिजन सोडत असतं आणि आकडा चांगला येतो, खरा हिशोब सूर्य उगवायच्या आधी बघायचा कारण रात्रभर श्वास सगळेच घेतात आणि ऑक्सिजन तयार कुणीच करत नाही.

पोचलो तेव्हा अंधारच होता. काठाला कटला आणि रोहू पोट वर करून पडलेले, मोठेमोठे. बारीक मासळी मात्र पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होती, आणि कुर्ल्या पाणी सोडून दगडावर येऊन बसलेल्या. मग बॅटरी फिरवताना गवताच्या कडेला एक मरळ दिसला, चांगला हातभर लांब, मजेत. वर यायचा, एक घोट हवा घ्यायचा आणि खाली जायचा. तिथंच माझी शंका बदलली. मरळ आणि मागूर वरची हवा घेऊ शकतात, कटला-रोहूला ते जमत नाही, त्यांना पाण्यात विरघळलेलाच ऑक्सिजन पाहिजे. पण नुसता मरळ दाखवून पंचांना पटत नसतं आणि पटू पण नये.

पाण्याचा रंग काळ्या चहासारखा. तळं चारी बाजूंनी ऐन, किंजळ, जांभूळ, बांबू यांनी वेढलेलं, वारा आत येतच नाही. फेब्रुवारीपासून पानगळ, सगळा पालापाचोळा उतारावर कोरडा पडून, आणि मेमध्ये तळ्यात पाणी कमीत कमी. त्यात वळवाचा मोठा सडाका आला आणि दोन-तीन महिन्यांचा पाला एका रात्रीत तळ्यात. वाळलेलं पान पाण्यात पडलं की त्याच्यातला विरघळणारा भाग, साखरी-टॅनिन वगैरे, बराचसा पहिल्या एक-दोन दिवसांतच बाहेर येतो. जिवाणूंना मेजवानीच. त्यानंतर ढगाळ हवा, म्हणजे शेवाळाला ऊन नाही, आणि असल्या काळ्या पाण्यात ऊन तसंही खोल जात नाही.

मग पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायची विंकलरची पद्धत केली, १८८८ सालची आहे पण अजून तिच्यासारखी भरवशाची नाही. काचेची बाटली पाण्याखाली बुडबुडा न येता भरायची, मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड पिपेटनं आत सोडायचं, बूच लावून उलटसुलट करायची. ऑक्सिजन असेल तर गाळ तपकिरी होतो, नसेल तर पांढरा राहतो. वरच्या पाण्याच्या बाटलीत जेमतेम पिवळट छटा, आणि तळाच्या पाण्याची बाटली एकदम पांढरी. बघायला गोळा झालेले काका म्हणाले, "ह्यात औषध हाय व्हय?" मी म्हटलं, नाही ओ, ह्यात काहीच नाही, तेच तर सांगतोय.

तरी ठेकेदार म्हणालाच, विषानं पण असं होत असेल की. रास्त प्रश्न. मग तळ्याचंच पाणी दोन बादल्यांत उंचावरनं ओतून ओतून हवा भरली, त्याच्या बाटल्या भरल्या, एकीत लगेच रसायनं घातली, गाळ गडद तपकिरी. बाकीच्या फॉइलमध्ये गुंडाळून तळ्यातच सोडून ठेवल्या, उजेड लागू नये म्हणून. संध्याकाळी त्या उघडून तीच रसायनं घातली तर गाळ जवळजवळ पांढरा. बाटलीत मासा नाही, चिखल नाही, नुसतं पाणी आणि त्यातले जिवाणू, आणि एका दिवसात त्यांनी ऑक्सिजन संपवला.

हिशोब पंचांना जमिनीवर काडीनं लिहून दाखवला. १२ ग्रॅम कार्बन जाळायला ३२ ग्रॅम ऑक्सिजन लागतो. उन्हाळ्यात लिटरभर पाण्यात हवेतून मावतो तो ऑक्सिजन ७-८ मिलिग्रॅम, म्हणजे पानांतला नुसता ३ मिलिग्रॅम कार्बन तो सगळा खाऊन टाकायला पुरतो. आणि दर १० अंशांना जिवाणूंचा हा वेग साधारण दुप्पट होतो, मेचा महिना, अजून काय पाहिजे.

जंगलातलं तळं स्वतःच्या शेवाळावरच जगतं असं आपण धरतो, ते अर्धंच. १९९४ मध्ये कोल नावाच्या शास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जगभरच्या १८३५ तळ्यांचे आकडे तपासले, तर ८७ टक्के नमुन्यांत कार्बन डायऑक्साइड वरच्या हवेच्या मानानं जास्तच होता, सरासरी तिप्पट. म्हणजे ही तळी हवेतनं कार्बन घेण्यापेक्षा सोडतातच जास्त, आणि त्यातला बराच भाग काठावरच्या जमिनीतनं आणि झाडांतनं आलेला. अमेरिकेत मिशिगनकडच्या दोन तळ्यांत कार्बन-१३ ची, म्हणजे कार्बनच्याच जरा जड प्रकाराची, खूण करून बघितलं, त्याचा अभ्यास २००४ साली छापून आला, तेव्हा पाण्यातल्या बारीक किड्यांच्या अंगातला २२ ते ५० टक्के कार्बन जमिनीवरच्या झाडझुडुपांचा निघाला. ती तळी थंड मुलखातली, आमचं मेच्या वळवातलं, पण खेळ तोच.

रिपोर्टमध्ये मी लिहिलं की मृत्यू ऑक्सिजन संपल्यानं, विषाची लक्षणं दिसली नाहीत. एक मात्र ठेकेदाराला सांगितलं, पाला गोळा करायला गडी लावू नकोस, तोच तळ्याचा खुराक पण आहे, फक्त पहिल्या सडाक्यानंतर चार रात्री डिझेल पंप लावून पाणी वर उडव, आणि यंदा दोन-चार मरळ सोडून बघ. तो म्हणाला मरळ बाकीची बोटुकली खाऊन टाकतो की सर. बरोबर आहे, त्यावर मला उत्तर नव्हतं.

स्टेशनला तक्रार गेली नाही. ती पोरं मात्र त्या बैठकीला आलीच नव्हती, त्यांच्या आईनं येऊन ठेकेदाराला चार शब्द ऐकवले आणि पंचांनी ते गप्प ऐकून घेतले.