करकर वाजते म्हणून एक स्टार

‘चालताना आवाज येतो. डिफेक्टिव्ह पीस आहे. पैसे वाया.’ आणि वर एकच स्टार.

हे मी वाचून दाखवलं तेव्हा मामा वादीने अंगठा शिवत बसले होते. मामा म्हणजे माझे सासरे. कोल्हापुरात, सुभाषनगरात, उभा जन्म चपला करण्यात गेलाय त्यांचा. मान वर न करताच म्हणाले, ‘आवाज येतोय म्हणतोय न्हवं? मग तक्रार काय हाय त्याची?’

करकर वाजणारी कोल्हापुरी ही खास मागून घ्यायची वस्तू आहे. तळात ‘विंचू’ (आवाज करणाऱ्या भागाला आम्ही असं म्हणतो) बसवला की ती वाजते, आणि त्याचे जादा पैसे पडतात. आम्ही तर लिस्टिंगच्या, म्हणजे विक्रीच्या ऑनलाइन पानाच्या, नावातच ‘करकर आवाजाची’ असं लिहिलं होतं. त्या माणसाने ते वाचलं नाही, किंवा वाचून त्याला ती जाहिरातबाजी वाटली असेल. ज्या ऑनलाइन कंपनीच्या साइटवर आम्ही विकतो तिच्याकडे मी दाद मागितली. ‘हा रिव्ह्यू आमच्या धोरणात बसतो’ असं ठरावीक उत्तर आलं. पुढे बरेच दिवस तो रिव्ह्यू सगळ्यांत वर चिकटून होता, कारण वाचणाऱ्यांना तो ‘हेल्पफुल’ वाटत होता.

आमच्याकडे चपला करण्याचं काम मामा आणि माझा नवरा बघतात, ऑनलाइनचा पसारा माझ्याकडे. फोटो काढा, मापं लिहा, पॅकिंग करा, लेबल चिकटवा, परत आलेला माल तपासा, आणि रात्री जेवणं उरकली की रिव्ह्यू वाचा. त्यामुळे ऑनलाइन रिव्ह्यूंवर कितपत विसंबावं असं कुणी विचारलं, की माझं उत्तर गल्ल्यामागून येतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे ‘तुम्ही विकणाऱ्यांची बाजू घेता’ असं म्हणायला नको. घेते.

माझा मुख्य राग कशावर आहे, तर एक स्टार देणारा नेमकं कुणाला नापास करतोय हे त्या आकड्यावरून कळतच नाही. ऐन जुलैत कुरिअरवाल्याने पार्सल गेटबाहेर पावसात ठेवलं, चप्पल भिजली. एक स्टार. चामड्याचा वास येतो, दोन स्टार. अहो, बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेलं चामडं आहे, वास येणारच. रेक्झिनला येत नाही. पहिल्याच दिवशी चावली, दोन स्टार. कोरी कोल्हापुरी चावते, तिला तेल द्यावं लागतं, मग ती पायाचा आकार घेते. हे आम्ही छापील चिठ्ठीवर लिहून प्रत्येक डब्यात घालतो. चिठ्ठी कोण वाचतंय!

काही कंपन्यांत वस्तूचे स्टार वेगळे आणि विक्रेत्याचे वेगळे असतात. त्यातही माल कंपनीच्या गोदामातून आणि कंपनीच्याच माणसाने पोचवला असेल, तर पोचवण्याबद्दलच्या तक्रारीवर आपण अर्ज करायचा, मग ते विक्रेत्याच्या खात्यातल्या त्या शेऱ्यावर रेघ मारतात. पण ही सोय तेवढ्या शेऱ्यापुरतीच. गिऱ्हाइकाने तीच तक्रार चपलेच्या पानावर लिहिली, की ती चपलेची झाली. आणि गिऱ्हाईक तिथेच लिहितं, कारण विक्रेत्याला वेगळा शेरा देता येतो हे बहुतेकांना ठाऊकच नसतं.

परत आलेल्या मालाचीही तीच तऱ्हा. लग्नसराईत मुंबईकडून एक जोड परत आला. कारण लिहिलेलं, ‘साइझ लहान.’ तळाला रस्त्याची धूळ, टाचेकडे घासलेलं, आणि पट्ट्याच्या वेणीत दोन अक्षता अडकलेल्या. हळदीत भिजवलेल्या, पिवळ्याधमक. लग्न लागून वरात निघाली, मग चप्पल लहान झाली! त्या अक्षतांचे मी चार बाजूंनी फोटो काढून कंपनीला पाठवले. परतावा गिऱ्हाइकाला मिळालाच, येण्याजाण्याचं भाडं आमच्या अंगावर पडलं, आणि वर दोन स्टारचा रिव्ह्यू: ‘नॉट फॉर रफ यूज.’

आता दुसरी बाजू. आमच्या चपलेशेजारी सर्चमध्ये ‘ओरिजिनल कोल्हापुरी’ नावाची एक दिसते. रेक्झिनची, किंमत तीनशेच्या आत, आणि रेटिंग आमच्यापेक्षा सरस. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं. आपल्याकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. मुळात ती चामड्याचीच असते. पण सर्चच्या खिडकीला जीआय दिसत नाही, स्टार दिसतात. त्या लिस्टिंगचे रिव्ह्यू मी एका रात्री चिकाटीने खाली खाली वाचत गेले. वरचे सगळे ‘व्हेरी नाइस’, ‘मस्त चप्पल’. बऱ्याच खाली गेल्यावर लोक लिहिताहेत, ‘साउंड क्वालिटी जबरदस्त, बॅटरी दिवसभर टिकते.’ म्हणजे जुन्या कुठल्यातरी ब्लूटूथ स्पीकरच्या पानावर वरचा फोटो आणि नाव बदलून चप्पल बसवलेली. स्टार मात्र स्पीकरने कमावलेले. आमच्या चपलेला आवाजापायी एक स्टार आणि यांच्या चपलेला आवाजाबद्दल पाच! मामांना सांगितल्यावर ते इतके हसले की ठसका लागला.

ही युक्ती काही आपल्याच मातीतली नाही. अमेरिकेत २०२३ साली जीवनसत्त्वाच्या गोळ्या विकणाऱ्या बाउंटिफुल नावाच्या कंपनीवर असाच ठपका आला. नव्या गोळ्या जुन्या, चांगलं रेटिंग असलेल्या गोळ्यांच्याच जाती असल्याचं दाखवून ॲमेझॉनवर तिने त्यांचे स्टार उचलले होते, असं तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनचं म्हणणं. प्रकरण सहा लाख डॉलरवर मिटलं.

रिव्ह्यू विकणारे तर घरबसल्या येतात. व्हॉट्सॲपवर मेसेज असतो, ‘मॅडम, १००% सेफ, व्हेरिफाइड पर्चेस.’ यातली मेख अशी की तो शिक्का खरंच खरा असतो. त्यांचा माणूस आमची चप्पल रीतसर ऑर्डर करतो, पैसे भरतो, माल घेतो आणि पाच स्टार लिहितो. मग आम्ही त्याला चपलेचे पैसे यूपीआयने परत करायचे आणि मधल्या माणसाला कमिशन द्यायचं. म्हणजे ‘व्हेरिफाइड’चा अर्थ एवढाच, की कुणीतरी पैसे भरले होते. ते कुणाचे होते आणि परत कुठे गेले, हे तो शिक्का सांगत नाही. याहून साधा प्रकार म्हणजे डब्यातलं कार्ड: पाच स्टार द्या, स्क्रीनशॉट पाठवा, पन्नास रुपये मिळवा. आमच्या ओळखीतले काहीजण घालतात. नवऱ्यानेही एकदा विषय काढून बघितला. मामांनी दाभण खाली ठेवलं आणि म्हणाले, ‘चप्पल कशी हाय ते गिऱ्हाइकाच्या पायाला इचार की. पन्नास रुपयं देऊन त्येच्या तोंडाला कशाला इचारतोस?’ विषय संपला.

कायदा नाही असं नाही. ई-कॉमर्ससाठीचे ग्राहक संरक्षण नियम २०२० सालचे आहेत, आणि विक्रेत्याने स्वतःच ग्राहक असल्याचं भासवून रिव्ह्यू लिहायला त्यात चक्क मनाई आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्युरोचं आयएस १९००० हे खास ऑनलाइन रिव्ह्यूंसाठीचं मानक आलं. लिहिणारा माणूस खरा आहे का ते तपासा, विकतचे रिव्ह्यू छापू नका, वाईट रिव्ह्यू दाबू नका, असं सगळं त्यात आहे. फक्त ते ऐच्छिक म्हणून आलं, आणि ऐच्छिक गोष्टीचं आपल्याकडे काय होतं ते मी सांगायला नको. अमेरिकेत ऑक्टोबर २०२४ पासून खोटे रिव्ह्यू विकणं आणि विकत घेणं यावर थेट दंड बसवणारा नियम लागू झालाय. त्याआधी २०२२ मध्ये फॅशन नोव्हा या कपड्यांच्या कंपनीने चार स्टारच्या खालचे रिव्ह्यू आपल्या साइटवर दिसूच दिले नाहीत, या आरोपावरून ४२ लाख डॉलर मोजले. मला हे प्रकरण जास्त महत्त्वाचं वाटतं. खोटी स्तुती निदान वाचताना खटकते तरी. गाळलेली तक्रार कशी खटकणार?

आमच्या विक्रेत्यांच्या ग्रुपवर दर आठवड्याला एकजण तावातावाने लिहितो की आम्हालाही गिऱ्हाइकाला स्टार देता आले पाहिजेत. अक्षतांचा जोड परत आला त्या दिवशी मलाही तसंच वाटलं असतं. पण हा प्रयोग होऊन गेलाय. ईबे या अमेरिकी खरेदी-विक्रीच्या साइटवर १९९६ पासून घेणारा आणि विकणारा एकमेकांना शेरे देत. झालं काय, तर गिऱ्हाइकाने वाईट लिहिलं की विक्रेते उट्टं काढायचे, तेही त्याला वाईट शेरा देऊन. मग गिऱ्हाइकं घाबरून गप्प बसायला लागली. शेवटी २००८ साली ईबेने विक्रेत्यांचा वाईट शेरा देण्याचा हक्कच काढून घेतला, आणि माझ्या मते बरोबर केलं. मला गिऱ्हाइकाला स्टार द्यायचे नाहीत. कंपनीला माझं सांगणं एवढंच: कुरिअरचे स्टार कुरिअरच्या खात्यात टाका, माझं उत्तर रिव्ह्यूच्या लगेच खाली दिसू द्या, आणि वापरलेला माल वारंवार परत करणारे कोण आहेत ते तुम्हाला ठाऊक आहे, त्यांचं तुम्ही बघा. एवढं झालं तरी पुष्कळ.

स्वतः काही घ्यायचं असलं की मी सरासरीकडे बघतच नाही. आधी नवे रिव्ह्यू लावते, मग सरळ तीन स्टारवाले. पाच स्टारवाला खूश तरी असतो किंवा विकला गेलेला तरी, आणि एक स्टारवाला बऱ्याचदा कुरिअरवर चिडलेला असतो. तीन स्टारवाल्याला कुणी पैसे दिलेले नसतात. घरातल्या उजेडात, फरशीवर ठेवून काढलेला फोटो असेल तर तो कंपनीच्या दहा फोटोंना भारी. शिवाय एकाच आठवड्यात पन्नास रिव्ह्यू आणि मग तीन महिने शुकशुकाट असं दिसलं, की मी ते पान बंद करते.

आमच्याही चपलेवर सगळ्यांत कामाचं जे लिहिलं गेलं ते तीन स्टारवाल्यांनीच. नागपूरच्या एका बाईंनी पायात घातलेल्या चपलेचा वरून फोटो टाकला होता: लांबी बरोबर, पण करंगळी तळाच्या बाहेर. ‘माझा पंजा रुंद आहे, एक नंबर मोठी घेतली तर टाच मागे उरते.’ मग जुने रिव्ह्यू चाळले, तर ‘साइझ लहान’ म्हणणाऱ्यांत असे बरेच निघाले. नंबर त्यांनी बरोबरच निवडला होता, अडचण रुंदीची होती. मामांनी तो फोटो मोबाइलवर मोठा करून करून बघितला, पुठ्ठा घेतला आणि पुढून पसरट असं नवं माप कापलं. दिवाळीच्या आधी ‘रुंद पंजा’ म्हणून आम्ही ती वेगळी विकायला ठेवली.

वेगळी लिस्टिंग म्हटल्यावर तिला स्टार शून्य, रिव्ह्यू शून्य. सर्चमध्ये ती इतकी मागे गेली की मलाच नाव टाकून शोधावी लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी व्हॉट्सॲप वाजलं: ‘गुड मॉर्निंग मॅडम, न्यू लिस्टिंग पाहिली. स्टार्टर पॅक पाहिजे का?’